ब्रेटची हिमनदी आणि तुमचा कोकणकडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हरिश्चंद्रगडावर मुक्काम केलात, फोटो काढलेत आणि घरी येऊन कोकणकड्याचं तीन बाय चार फुटांचं तैलचित्र केलंत. प्रदर्शनाच्या निवड समितीतल्या एकांनी ‘मेहनत दिसते, पण हा फोटोच झाला’ असं म्हणून ते बाजूला ठेवलं. पुढे कलेतिहासाच्या तासाला जॉन ब्रेट या इंग्रज चित्रकाराचं ‘रोझेनलाउई हिमनदी’ हे चित्र पडद्यावर आलं. तेही दगडन्‌दगड रंगवलेलं, पण त्याला मात्र वास्तववादी निसर्गचित्रणातला महत्त्वाचा टप्पा म्हटलं गेलं. मग तुम्ही विचारता, १८५६ साली जे थोर ठरलं ते आज नक्कल कसं? डोंगर जसा दिसतो तसा रंगवणाऱ्याला इतिहासात जागा आहे की नाही?

मी बरीच वर्षं डोंगर रंगवतो आहे आणि शिकवतोही. हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात असतोच, पण बहुतेक जण कुरबुर करून सोडून देतात. तुम्ही तो एका नेमक्या चित्राला धरून विचारलात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हुबेहूब काढणं चांगलं की वाईट, या वादात मी पडणार नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. चित्रातला एखादा तपशील तिथे कसा आला? चित्रकाराने तो पाहिला, त्याला प्रश्न विचारला आणि मग ठेवला, की तो आपसूक येऊन बसला? दोन चित्रांत बारकावे सारखेच असले तरी या एका कारणाने ती दोन वेगळ्या जातीची चित्रं होतात. ब्रेटच्या चित्राची इतिहासातली जागा याच मुद्द्यावर उभी आहे आणि तुमच्या चित्राची अडचणही इथेच आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचं चित्र मी मोबाइलवर पाहिलं, समोर उभं राहून नाही. तैलचित्राचा पोत, जाड-पातळ रंग, चकाकी हे पडद्यावर कळत नाही. समितीचे निकष काय होते, त्या प्रदर्शनाचा कल कुठे होता, हेही मला माहीत नाही. त्यामुळे निर्णय बरोबर की चूक ते सांगत नाही.

आता ब्रेटचं चित्र. पडद्यावर ते भिंतभर दिसलं असेल, पण मूळ चित्र जेमतेम ४४.५ बाय ४१.९ सेंटीमीटरचं आहे, म्हणजे दीड फूटही नाही. लंडनच्या टेट संग्रहात आहे. जवळजवळ चौकोनी कॅनव्हास. पुढ्यात मोठाले धोंडे, त्यांच्यामागे वर चढत गेलेला, भेगाळलेला हिमनदीचा बर्फ, बाजूला उघडा खडक, आणि वरच्या भागात ढगधुक्यात अर्धवट विरलेले कडे. माणूस नाही, झोपडी नाही, गुरं नाहीत. पाहणाऱ्याला ‘हा डोंगर किती मोठा’ हे सांगायला चित्रकार सहसा कुणीतरी बारका माणूस पायथ्याशी उभा करतो, तसाही इथे कुणी नाही. डोळा थेट दगडांवर जातो आणि तिथेच खिळतो.

ते दगड निरखून पाहा. एक दाणेदार, ग्रॅनाइटचा. दुसऱ्यावर पट्टे आहेत, तो नाइस (gneiss) नावाच्या खडकाचा. त्यांचे काठ झिजून गोल झालेत. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थीसुद्धा हे दगड ओळखू शकतो, इतकं ते काम नेमकं आहे. पण गंमत अशी की ते दगड तिथे का आहेत, याचं उत्तर त्याच चित्रात मागे दिसतं. हिमनदीने ते वरून वाहून आणले, घासले आणि खाली टाकले. पुढचे धोंडे हे परिणाम, मागचा बर्फ हे कारण. चित्राची रचनाच अशी आहे की कारण आणि परिणाम एकाच चौकटीत समोरासमोर येतात. आल्प्सची चित्रं तोवर ढिगाने झाली होती, पण डोंगर कसा घडतो हे रचनेतून सांगणारं चित्र मला तरी त्याआधीचं आठवत नाही.

हे त्याच वर्षी का घडलं, ते समजून घ्यायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिमनद्यांबद्दल मोठा वाद पेटला होता. लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञाने १८४० साली हिमनद्यांवरचा आपला ग्रंथ छापला आणि एके काळी बर्फ आजच्यापेक्षा कितीतरी दूरवर पसरला होता, असं मांडलं. मैदानात एकाकी पडलेले परके धोंडे तोवर बायबलमधल्या महापुराच्या खात्यावर टाकले जात. आता त्यांचा माग बर्फाकडे जाऊ लागला. म्हणजे १८५६ साली हिमनदीपुढचा धोंडा ही साधी वस्तू नव्हती. तो पुरावा होता.

दुसरं कारण इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन. त्याच्या ‘मॉडर्न पेंटर्स’चा चौथा खंड १८५६ साली आला, मुख्यतः डोंगरांच्या सौंदर्यावर. त्यात त्याने खडकांचे प्रकार, कड्यांचे आकार, थरांचे कल यांवर पानंच्या पानं लिहिली आहेत. दगड नीट न्याहाळला तर तो छोट्या आकारातला डोंगरच असतो, असं त्याचं म्हणणं. ब्रेट तेव्हा पंचविशीच्या आतला, लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेला मुलगा. तो हा खंड वाचून झपाटला आणि तडक स्वित्झर्लंडला निघाला. बर्नच्या आल्प्समध्ये, मायरिंगेन आणि ग्रिंडेलवाल्ड यांच्या मधल्या खोऱ्यात रोझेनलाउई आहे. तिथे त्याला जॉन विल्यम इंचबोल्ड हा चित्रकार काम करताना भेटला. इंचबोल्डचं काम पाहून ब्रेटने रोजनिशीत लिहिलं, त्याचा आशय असा: आपण आजवर खरं चित्र काढलंच नव्हतं, नुसता खेळ आणि फराटे चालले होते, यापुढे जे जे दिसतं ते सगळं विचारपूर्वक रंगवायचं.

यातलं ‘विचारपूर्वक’ तुम्ही ध्यानात ठेवावं असं मला वाटतं. नुसतं ‘सगळं रंगवायचं’ एवढंच तो म्हणाला असता तर हे उत्तर लिहायची गरज पडली नसती.

पद्धतीबद्दल थोडंसं, कारण तुम्हीही तैलरंगात काम करता. ब्रेट ज्या प्री-रॅफेलाइट मंडळींच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या तरुण चित्रकारांच्या एका गटाच्या, प्रभावात होता त्यांची सुरुवात १८४८ सालची. गडद तपकिरी ग्राउंडवर, म्हणजे चित्राखालच्या रंगाच्या पायावर, काम करण्याची जुनी अकादमीतली सवय त्यांनी टाकून दिली. कॅनव्हासला पांढरं ग्राउंड, त्यावर पातळ रंग, बारीक ब्रश, आणि चित्राचा एकेक तुकडा जवळजवळ पूर्ण करत पुढे सरकायचं. पांढरा पाया पातळ रंगातून उजळतो, म्हणून सावलीतही रंग राहतो. जुन्या पद्धतीत सावली म्हणजे तपकिरी काळोख, एवढंच असायचं. ब्रेटच्या धोंड्यांच्या सावलीतल्या बाजूलाही रंग मेलेला नाही, याचं श्रेय बऱ्याच अंशी या पायाला आहे.

आता तुमच्या मनात येईल, फोटो तेव्हाही होतेच की! होते. रस्किनने तर १८४९ सालीच आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराचा डॅग्युरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा सुरुवातीचा फोटो, काढवून घेतला होता आणि तो त्या शिखराचा पहिला असल्याचं तो सांगायचा. १८५१ नंतर फोटोसाठी ओल्या कलोडियन रसायनाच्या काचा आल्या. पण त्या काळचं रसायन निळ्या प्रकाशाला फार हळवं आणि लाल-हिरव्याला मठ्ठ. आकाश आणि बर्फ पांढरेफटक व्हायचे, तर देवदार आणि तांबूस खडक काळे पडायचे. एकाच काचेवर ढग, बर्फातल्या निळ्या भेगा आणि सावलीतला दगड हे तिन्ही नीट येणं जवळपास अशक्य होतं. रंगाचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे ब्रेटने जे केलं ते त्या दिवशी जगातलं कुठलंच यंत्र करू शकत नव्हतं. आज तुमच्या खिशातला फोन त्यातलं पुष्कळसं क्षणात करतो. काळ बदलल्याने चित्राचा अर्थ बदलतो तो असा. तेवढ्याने तुमचं चित्र कमी ठरत नाही. फोन जे करू शकत नाही ते शोधण्याची जबाबदारी मात्र तुमच्यावर येते.

ब्रेटच्या आधी काय होतं, ते भरभर सांगतो. कोनराड विट्झ या चित्रकाराच्या १४४४ सालच्या, चर्चच्या वेदीसाठी केलेल्या एका चित्रात येशूच्या मागे जिनिव्हाचं सरोवर आणि पलीकडचे खरेखुरे, ओळखू येणारे डोंगर आहेत. ओळखता येईल अशी जागा दाखवणाऱ्या युरोपीय निसर्गचित्रांत ते अगदी सुरुवातीचं मानतात, आणि ते अजून जिनिव्हातच आहे. १७७० च्या दशकात कास्पार वोल्फ हा स्विस चित्रकार हिमनद्यांपर्यंत चढून जायचा आणि स्टुडिओत केलेलं चित्र जागेवर नेऊन पडताळायचा. ब्रेटचा खरा पूर्वज मला तोच वाटतो, आणि त्याचं नाव आपल्याकडच्या वर्गांत का घेतलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. याउलट कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं ‘वाट्समान’, त्या नावाच्या आल्प्समधल्या शिखराचं, १८२४-२५ चं. भव्य, स्तब्ध, आज बर्लिनमध्ये आहे. फ्रीडरिशने वाट्समान डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. शिखर दुसऱ्याच्या अभ्यासचित्रावरून घेतलं आणि पुढचे खडक हार्ट्‌झ पर्वतातले जोडले. तरी ते चित्र मोठं आहे, कारण त्याला डोंगराची घडण सांगायचीच नव्हती. त्याला डोंगरापुढे उभ्या राहिलेल्या मनाची अवस्था हवी होती. म्हणून सांगतो, ‘जागेवर केलं म्हणजे श्रेष्ठ, स्टुडिओत केलं म्हणजे खोटं’ असा सरळ नियम करून टाकू नका.

आकाराच्या मोहाबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण तुम्ही पुढचं चित्र सहा फुटी करायचं म्हणताय. अमेरिकेत १८६३ साली आल्बर्ट बीअरस्टाटने रॉकी पर्वताचं, लँडर शिखराचं चित्र पूर्ण केलं. सुमारे १८७ बाय ३०७ सेंटीमीटर, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. १८५९ साली तो सरकारी पाहणीच्या तुकडीबरोबर पश्चिमेकडे गेला होता. तिथली स्केचेस आणि फोटो घेऊन चित्र न्यूयॉर्कच्या स्टुडिओत रचलं. गवताची पाती, शोशोनी लोकांचा तळ, सगळं बारकाईने काढलेलं. पण एकूण देखावा जमवलेला आहे. शिखर प्रत्यक्षापेक्षा टोकदार, आल्प्सच्या वळणाचं, आणि प्रकाश नाटकाच्या रंगमंचासारखा नेमका मधल्या धबधब्यावर. लोक तिकीट काढून पाहायला येत आणि १८६५ साली ते २५ हजार डॉलरना विकलं गेलं, जी त्या काळी एका जिवंत चित्रकाराच्या कामासाठी अफाट रक्कम होती. पुढे रुची बदलली आणि असली चित्रं कित्येक दशकं अडगळीत गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासक त्यांच्याकडे परतले ते वेगळे प्रश्न घेऊन: ही रिकामी, सोनेरी भूमी नेमकी कुणाची होती, ती अशी दाखवण्यात कुणाचा फायदा होता? म्हणजे इतिहासातली जागा कायमची कोरलेली नसते. एकदा मिळते, जाते, आणि परत मिळते तेव्हा कारणं दुसरीच असतात.

ब्रेटचंही तेच झालं. विसाव्या शतकात कलेचा इतिहास पॅरिसच्या वाटेने लिहिला गेला. त्यात डोंगर म्हटलं की फ्रेंच चित्रकार सेझानचा सेंट-व्हिक्टॉयर. दगड रंगाच्या ठोकळ्यांत मोडणारा सेझान पुढचा आणि दगड दगडासारखा रंगवणारा ब्रेट मागचा, असं गणित बसलं. फ्रान्समध्ये वास्तववाद या नावाखाली जे उभं राहिलं, म्हणजे कुर्बे या चित्रकाराने १८५५ साली स्वतःचा मंडप उभारून मांडलं ते, त्याचा रोख मुख्यतः माणसांवर होता: कष्टकरी, शेतकरी, खेड्यातली अंत्ययात्रा. त्यामुळे वास्तववाद शिकवताना ब्रेटचं नाव बाजूला राहतं. कुर्बेने आयुष्याच्या अखेरीस, १८७७ साली, स्वित्झर्लंडमध्ये परागंदा असताना आल्प्सचं एक भलंमोठं चित्र सुरू केलं. पण त्याचं वास्तव रंगाच्या लगद्यात आहे, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या सुरीने, लिंपलेल्या कड्यांत. ब्रेटच्या वास्तवापेक्षा ते फार निराळं. दोघांनाही एकाच शब्दाखाली कोंबलं की विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. तुमचाही थोडा झालाय. १९८४ साली टेटने प्री-रॅफेलाइटांचं मोठं प्रदर्शन भरवलं, २००४ साली त्यांच्या निसर्गचित्रांवर वेगळं भरवलं, आणि ब्रेट पुन्हा चर्चेत आला. आता तर त्या चित्राला आणखी एक अर्थ चिकटला आहे. ती हिमनदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर खूप मागे हटली. ब्रेटने रंगवलेला तो बर्फ आज तिथे त्या रूपात नाही.

आता तुमच्या मनाला लागलेल्या शेऱ्याकडे येतो. ‘हा फोटोच झाला’ हे बोलणं ब्रेटलाही ऐकावं लागलं, आणि तेही रस्किनकडून! रोझेनलाउई १८५७ साली रॉयल अकादमीत लागलं. पुढच्या वर्षी ब्रेट इटलीतल्या आओस्ता खोऱ्यात गेला आणि महिनोन्‌महिने बसून ‘व्हाल द आओस्ता’ केलं. पुढ्यात मोठा खडक, त्याला टेकून झोपलेली मुलगी, मागे शेतं, झाडं, दूरवर बर्फाचे डोंगर, आणि सगळं सारख्याच बारकाईने. रस्किन त्या उन्हाळ्यात त्याला इटलीत भेटलाही होता. १८५९ साली चित्र लंडनमध्ये लागल्यावर रस्किनने आधी तोंडभर कौतुक केलं. या चित्रामुळे माणूस प्रत्यक्ष न जाता त्या खोऱ्यात फिरू शकतो, विचार करू शकतो, असं तो म्हणाला. आणि मग लिहिलं की हे आरशाचं काम आहे, माणसाचं नव्हे. चित्र त्याला भावनाहीन वाटलं. तरी शेवटी ते त्यानेच विकत घेतलं.

मला रस्किनचा हा न्याय अर्धाच पटतो. सगळं पाहा, काही गाळू नका, असं ज्याने शिकवलं त्यानेच शिष्याला आरसा म्हणणं कठोर आहे. पण दोन चित्रं शेजारी ठेवली की त्याला काय खटकलं ते मला दिसतं. रोझेनलाउईमध्ये ब्रेटने आधी निर्णय घेतला आहे. चौकट आवळली, खोऱ्याचा देखावा सोडला, बर्फ आणि दगड एवढ्यावरच आला. पुढचं सारं स्वच्छ, वरचं सारं धुक्यात. आओस्ताच्या चित्रात मैलभर दूरची बांधबंदिस्ती आणि हाताशी असलेलं शेवाळ एकाच आग्रहाने आपल्याकडे पाहतात. डोळ्याला विसावा नाही आणि हवाही पातळ झाली आहे. मेहनत दुसऱ्या चित्रात जास्त असेल. पण मला विचाराल तर पहिलं जास्त मोठं आहे.

हे मनात ठेवून तुमच्या कोकणकड्याकडे पाहिलं. तुमचा हात चांगला आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. कड्याच्या मधल्या पट्ट्यातल्या गवताच्या कपारी तर फार सुरेख उतरल्यात. पण चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातलं गवत तुम्ही धूसर केलंय. तिथे उभ्या असलेल्या माणसाला पायाजवळचं गवत कधी धूसर दिसत नाही. मान खाली घातली की ते स्वच्छ होतं. ते धूसर झालं फोनमध्ये, लेन्सने दूरचा कडा पकडला म्हणून. लेन्सचा तो निर्णय तुम्ही ब्रशने इमानेइतबारे उतरवून घेतलात. दुसरं, डावीकडच्या कड्याची उभी रेघ खाली जाताना आत कलते. कोकणकडा अंतर्वक्र आहे, वरून पुढे झुकलेला आहे, हे खरं. पण हा कल त्याचा नाही. फोन खाली झुकवून फोटो काढला की सगळ्याच उभ्या रेघा खाली जवळ येतात, तसा आहे. त्यामुळे कड्याचा खरा बाक आणि लेन्सचा बाक एकमेकांत मिसळले, आणि जागेवर पोटात गोळा आणणारी ती पोकळी चित्रात सपाट झाली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आजचे फोन सावल्या आपोआप उजळतात आणि उजेड दाबतात. म्हणून तुमच्या चित्रात कड्याच्या पोटातली सावली आणि उन्हातला माथा यांच्या टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणात, फरक फार कमी राहिला. खाली कोकणात उतरत जाणारी हवा एकामागून एक फिकट होत जायला हवी होती, ती एकाच निळसर पट्टीत संपली. समितीतल्या त्या गृहस्थांना शब्दांत सांगता आलं नसेल, पण त्यांचा डोळा बहुधा इथेच अडला. बारकावे जास्त झाले म्हणून त्यांनी नाही म्हटलं असं मला वाटत नाही. कुठला बारकावा महत्त्वाचा, हे चित्रभर कुठेच ठरलेलं नव्हतं.

फोटो वापरूच नका असं मी म्हणत नाही. मीही वापरतो, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा ढग पाच मिनिटं थांबत नाहीत. पण आधी जागेवर हाताएवढ्या बोर्डवर टोनचा आराखडा करून घेतो: सर्वांत काळं कुठे, सर्वांत उजळ कुठे, मधल्या पायऱ्या किती. नंतर स्टुडिओत फोटो आणि आराखडा यांत मतभेद झाला तर आराखड्याचं ऐकतो. फोटोकडून फक्त आकार घेतो, उजेड घेत नाही. रंगही जागेवरच टिपून ठेवतो, कारण आपला बेसाल्ट फोटोत नेहमी काळा येतो आणि तो काळा नसतोच. कोरडा असताना तो जांभळट तपकिरी, शेवाळलेला भाग राखाडी-हिरवा, ओला झाला की निळसर. मी ट्यूबमधला काळा सह्याद्रीसाठी वापरतच नाही. तपकिरी बर्न्ट अंबर आणि निळा अल्ट्रामरीन यांच्या कमीजास्त मिश्रणावर भागतं.

आणि दगड वाचायला शिका. ब्रेटला आल्प्सच्या धोंड्यांमागे हिमनदी दिसली. आपल्या डोंगरात हिमनदी नाही, पण लाव्हा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला आणि गार झाला. काही थर टणक, काही ठिसूळ. टणक थर उभा कडा होऊन राहतो. ठिसूळ झिजतो, त्याची कपार होते, तिच्यात माती साठते, गवत रुजतं. तुम्ही सुरेख रंगवलेल्या त्या कपारी म्हणजे हेच ठिसूळ थर. काही ठिकाणी दोन थरांमध्ये लालसर मातीचा पट्टाही दिसतो. हे कळलं की कड्यावरचे आडवे पट्टे नक्षी राहत नाहीत. कुठली रेघ कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जायला हवी आणि कुठली नुसता पाण्याचा डाग म्हणून विरायला हवी, हे हात आपोआप ठरवू लागतो. तुमच्या चित्रात दोन्ही एकाच जोराने काढल्यात.

आपल्याकडची परंपरा यात कुठे बसते, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टची सुरुवात १८५७ सालची, रोझेनलाउई लंडनला लागलं त्याच वर्षीची. पण इथे आलं ते मुख्यतः अकादमीचं ड्रॉइंग, प्रमाण, छायाप्रकाश आणि पुढे जलरंगातलं प्रवाही निसर्गचित्र. ब्रेटचं भूगर्भशास्त्रीय वेड त्या अभ्यासक्रमात उतरलं नाही. आबालाल रहिमानांनी कोल्हापूरच्या परिसरात एकट्याने जे निसर्गचित्रण केलं, त्यात प्रकाशाची जाण विलक्षण आहे. पण त्यांचा ओढा पाणी, झाडं आणि हवेकडे होता. सह्याद्रीचा कडा खडक म्हणून, त्याच्या घडणीसकट रंगवण्याचं काम मराठी चित्रकलेत अजून पुष्कळ बाकी आहे असं मला मनापासून वाटतं. तुमच्यासारख्या हाताने ते करावं म्हणूनच एवढं लिहिलं.

थोडक्यात माझं म्हणणं असं: ब्रेटचं चित्र इतिहासात आहे ते हुबेहूबपणाच्या जोरावर नाही. त्याच्या काळात पेटलेला एक प्रश्न त्याने रचनेत आणला आणि त्यासाठी काय सोडायचं ते आधी ठरवलं. तुमच्या चित्रात कौशल्य आहे, पण निवड फोनने केली आहे.

त्या मोठ्या कॅनव्हासवर आता हात फिरवू नका, तो तसाच असू द्या. सहा फुटी चित्रही वर्षभर लांबवा. पावसाळा सरला की ऑक्टोबरात हवा धुतलेली असते. तेव्हा गडावर जा आणि बारा बाय बारा इंचांचा पांढऱ्या ग्राउंडचा बोर्ड न्या. संपूर्ण कडा घेऊ नका. एक टणक थर आणि त्याखालची एक कपार, एवढंच घ्या. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळी तो सावलीत असतो. तीच वेळ धरा, कारण सावलीतला रंग शोधायला दुसरी चांगली वेळ नाही. दुपारनंतर ऊन फिरलं की थांबा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बसा. कड्याच्या अगदी काठावर ईझल लावू नका. तिथला वारा बोर्डसकट उचलतो, दोन पावलं मागे बसून काम होतं. तोवर टेटच्या संकेतस्थळावर ब्रेटचं चित्र मोठं करून पाहा. आधी धोंडे पाहा, मग बर्फ, आणि धुकं कुठून सुरू होतं ती जागा बोटाने शोधा. नवा बोर्ड झाला की त्याचा फोटो नक्की पाठवा, आणि शक्य असेल तर खिडकीच्या उजेडात, सरळ समोरून काढलेला पाठवा.